जमीलभाईंचा शनिवारचा ट्रक

आमच्या वणीकडची माणसं नाशिकला राहायला आली की हळूहळू त्यांची बोली शहराची होते. जमीलभाईंची झाली नाही. अंबडच्या एकाच कारखान्यात, एकाच ग्राइंडरवर ते अठ्ठावीस वर्षं उभे आहेत, तरी तोंडातलं ‘लय’ आणि ‘हाय’ त्यांनी गावाहून आणलं तसंच ठेवलं आहे. त्यांच्या शेजारच्या मशीनवर मी सोळा वर्षं काढली. म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क मी माझा समजतो.

ग्राइंडर म्हणजे फिरतं दगडी चाक. पोलादाचा तुकडा त्याच्याखालून जातो आणि केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका झिजून बाहेर येतो. जमीलभाई त्या तुकड्यावरून अंगठा फिरवत आणि म्हणत, “अजून एक घास घ्यायचा हाय.” मागाहून मापून पाहिलं तर तेवढाच घास उरलेला असे. अंगठा इतका खरा, तरी ते मापल्याशिवाय कधी कुणाला काही सांगत नसत. दुसरा त्यांचा हट्ट धुळीचा. दगड झिजतो, त्याची भुकटी उडते, आणि ती भुकटी मशीनच्या सांध्यात शिरली की मशीन आतून खात सुटते. त्यामुळे त्यांचं मशीन पाहुण्यांना दाखवण्यासारखं असे. साहेब लोक पाहुण्यांना दाखवतही.

त्यांची मुलगी अलिशा. इंजिनिअरिंगला असताना तिने शिकवण्या घेऊन, जुनंनवं जमवून एक गेमिंग कॉम्प्युटर उभा केला होता. त्याला आता आठ वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी ती नोकरीला हैदराबादला गेली आणि कॉम्प्युटर इथल्या सिडकोतल्या घरी राहिला. जाण्याआधी तिने बापाला एक खेळ शिकवला. मालट्रक चालवायचा. माल भरायचा, लांबच्या गावाला न्यायचा, बस. त्यात मारामारी नाही की शर्यत नाही. दोन वेगवेगळ्या गावांतली माणसं आपापल्या घरी बसून एकाच रस्त्यावर दोन ट्रक चालवू शकतात.

कारखान्याची सुट्टी शनिवारी. अलिशालाही शनिवारी सुट्टी. चार वाजता दोघं रस्त्याला लागत. पुढे तिचा निळा ट्रक, मागे यांचा पिवळा. कानाला हेडफोन, बोटं बटणांवर.

हा म्हाताऱ्याचा नाद आहे असंच मला आधी वाटलं होतं. एकदा त्यांनीच सांगितलं. “फोनवर पोरगी दोन शब्द बोलती. बरी हाय, जेवले, ठेवते. तोंड दिसायचा फोन लावला तर त्याहून कमी. पण ट्रक चालवताना बोलती. समोर रस्ता असला, म्हंजे एकमेकाकडं बघायचं नसलं, की माणूस बोलतं.”

घरमालक खडूस आहे, ऑफिसातल्या एका बाईशी पटत नाही, डबा आंबट येतो, हे सगळं त्यांना त्या रस्त्यावर कळलं होतं. सिताराभाभींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते मागाहून जमीलभाईंकडून कळे. भाभी त्यावर म्हणत, “आईला सांगायला पोरीला ट्रक लागतो. मी टेम्पो शिकू का?”

गेल्या उन्हाळ्यापासून मात्र पिवळा ट्रक अडखळू लागला. पंधरा मिनिटं नीट चाले, मग चित्र गोठे, आवाज तुटे, आणि ट्रक एकदम पुढे उडी मारी. अलिशा कडेला थांबून वाट पाही. बोलता बोलता ती थांबली की धागा तुटे, आणि तुटलेला धागा ती पुन्हा उचलत नसे.

त्यात खबर आली की एक तारखेपासून खेळाची नवी आवृत्ती येणार, नवा डोंगरी मुलूख, नवे घाट. दोघांकडे एकच आवृत्ती असेल तरच एका रस्त्यावर जाता येणार. तिच्याकडे नवी चालणार होती. यांच्याकडे जुनीच धड चालत नव्हती. एक तारखेला दोन शनिवार उरले होते.

“मी नवा पाठवते, अब्बा,” ती म्हणाली.

“नको.”

“का?”

“बघतो मी. अजून मापलं नाय.”

मला मात्र जेवणाच्या सुट्टीत खरं कारण सांगितलं. “लेकीशी बोलायला लेकीचाच पैसा घालायचा का?”

आमच्या विभागातला दत्तू पत्रे कापतो आणि जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलतो. तो म्हणाला, “भाई, आठ वर्षांचा कॉम्प्युटर म्हणजे माणसाचं ऐंशी वय. भंगारात घाला, वर पाच-पन्नास मिळतील त्याचे पेढे आणा.”

“तुला पण आठ वर्षं झाली हितं येऊन,” जमीलभाई म्हणाले. “तुला कधी घालायचं?”

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही दोघं रिक्षाने गंगापूर रोडला गेलो. कॉम्प्युटर त्यांनी मांडीवर धरला होता, चादरीत गुंडाळून. प्रत्येक खड्ड्याला ते त्याच्यावर दोन्ही हात ठेवत. गंगापूर रोडला तनय नावाच्या मुलाचं दुकान आहे. मुलगा म्हणजे तिशीचा, पण आम्हाला मुलगाच. स्वभाव चांगला. त्याने कॉम्प्युटर बाहेरून पाहिला, मॉडेल विचारलं आणि सरळ सांगितलं.

“काका, दोन रस्ते आहेत. यात नुसतं नवं ग्राफिक्स कार्ड टाकायचं म्हटलं तर बोर्ड जुना, प्रोसेसर जुना, ते कार्डाला पुरे पडणार नाहीत. म्हणजे पैसे टाकून अर्धंच काम. त्यापेक्षा हा एक्स्चेंजला द्या, मी साधा पण नवा जुळवून देतो. पाच वर्षं बघायला नको.”

त्याने आकडा सांगितला. जमीलभाईंनी मान हलवली. आकडा त्यांना परवडला असता, पण भाभींच्या दाढांचं काम पुढे ढकलून. हे भाभींना सांगितलं नसतं तरी त्यांच्या लक्षात आलं असतं.

“तू मापलं का?” जमीलभाईंनी विचारलं.

“काय मापायचं, काका?”

“कुठं अडतंय ते. कार्डात अडतंय, का प्रोसेसरात, का अजून कुठं. मशीन बिघडलं तर आम्ही पहिलं मापायची डायल लावतो. मग खोलतो. मग बोलतो.”

तनय हसला, पण वाईट हसला नाही. त्याने कॉम्प्युटरला तार जोडली, खेळ चालू केला, आणि बाजूला एका छोट्या खिडकीत आकडे दिसतील असं केलं. जमीलभाईंनी खिशातून कागद काढला. दर दोन मिनिटांनी ते आकडा लिहून घेऊ लागले. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली, बघून गेली. बारा मिनिटं झाली आणि एक आकडा शहाण्णवला जाऊन टेकला. त्याच क्षणी ट्रक अडखळला.

“ही उष्णता आहे,” तनय म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “प्रोसेसर तापला की तो स्वतःला जपायला हळू होतो. पण एवढा का तापतोय? पंखे तर फिरतायत.”

त्याने पेटीच्या जाळीजवळ हात नेला. हवा लागेना. मागे नेला, मागेही लागेना. मग त्याने पुढचं झाकण खोलून उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहत राहिला.

“काका, हे कंपनीनेच लावलंय का?”

प्रत्येक जाळीच्या आतून, काठाला काठ लावून, करड्या नमद्याचा तुकडा बसवलेला होता. लोकर दाबून केलेलं ते जाड कापड आमच्या मशीनच्या सरकत्या भागांवर असतं, भुकटी आत जाऊ नये म्हणून. इतकं नेटकं कापलं होतं की कारखान्यातून आलंय असंच वाटावं. पंख्याच्या भोवती गोल, कोपऱ्यांना बारीक खाचा, कुठे एक धागा सुटलेला नाही.

मी जमीलभाईंकडे पाहिलं नाही. ते हात कुणाचे आहेत हे मला दिसत होतं.

“मी लावलं,” ते म्हणाले. “गेल्या उन्हाळ्यात समोरचा रस्ता खोदला होता. लय धूळ. पोरीची वस्तू हाय, खराब व्हायला नको म्हणून वर्कशॉपातल्या कातरणीतनं आणलं.” मग म्हणाले, “एकाच दिवशी नाय लावलं. जशी धूळ दिसली तशी एकेक जाळी.”

म्हणून तर मशीन एकदम बंद पडलं नव्हतं. दर महिन्याला थोडं थोडं गुदमरत गेलं होतं.

तनय म्हणाला, “मशीनला आतून धूळ नको, बरोबर. पण याला हवा लागते. तुमचं मशीन तेलावर जगतं, हे हवेवर.”

जमीलभाईंनी नखाने नमद्याचा काठ उचलला. चिकटपट्टी चांगली होती, सहज सुटत नव्हती. चारही तुकडे त्यांनी स्वतःच काढले, तनयला हात लावू दिला नाही. एकावर एक ठेवले, घडी घातली, खिशात ठेवले. तनयने प्रोसेसरवरचा, उष्णता बाहेर नेणारा सुकलेला लेप पुसून नवा लावला आणि खेळ पुन्हा चालू केला. बारा मिनिटं झाली. वीस झाली. आकडा बहात्तरच्या वर गेला नाही. ट्रक सरळ चालत होता.

“आता नव्या आवृत्तीचं बोल,” जमीलभाई म्हणाले.

तनयने खेळाला काय काय लागतं ते वाचलं. कार्ड काठावर पास होत होतं. मेमरी अर्धीच होती. डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणारी. “मेमरीच्या दोन पट्ट्या वापरलेल्या मिळतील माझ्याकडे. डिस्क मात्र नवी घ्या, वापरलेली नको. नव्या कॉम्प्युटरच्या आठव्या हिश्श्यात सगळं बसेल. पण खरं सांगतो, हे दोन वर्षांचं काम आहे. त्यानंतर मी तुम्हाला पुन्हा हेच सांगणार, की बदला.”

“दोन वर्षांनी मी रिटायरच्या जवळ आलेलो असेन. तवा बघू,” ते म्हणाले. “एकेक कर. आधी मेमरी घाल, चालवून बघू. मग डिस्क. दोन्ही एकदम केलं तर कशानं सुधारलं ते कसं कळायचं?”

तनयने घड्याळाकडे पाहिलं आणि एकेक केलं. निघताना त्याने जमीलभाईंचा तो आकड्यांचा कागद मागून घेतला. “गिऱ्हाइकांना दाखवायला,” म्हणाला. जमीलभाईंनी खाली तारीख घालून दिला.

एवढं झालं, पण एक काम राहिलं होतं. ते काम त्यांना दुकानातल्यापेक्षा अवघड गेलं. त्या दिवशी चार वाजता अलिशाने विचारलं, काय निघालं अब्बा. बाप-लेक घरात हिंदीतच बोलतात, मी माझ्या भाषेत लिहितो. जमीलभाई म्हणाले, “काय नाय. मीच त्याचं नाक दाबलं होतं.” आणि सगळं सांगितलं, नमद्यापासून. पोरगी इतकी हसली की तिचा निळा ट्रक कठड्याला घासला. मग म्हणाली, “माझ्यासाठी केलंत ना.”

नव्या आवृत्तीचा पहिला शनिवार आला तेव्हा मी तिथेच होतो. भाभींनी खिमा केला होता आणि मला बोलावलं होतं. कॉम्प्युटरच्या जाळ्या उघड्या होत्या आणि शेजारी दाढीचा जुना ब्रश ठेवलेला. आता दर शुक्रवारी ते ब्रशने धूळ काढतात. उघडी जाळी पाहून त्यांना अजून चैन पडत नाही, ते मला दिसत होतं. धूळ बसताना पाहायची आणि गप्प बसायचं, हे अठ्ठावीस वर्षांच्या सवयीविरुद्ध आहे.

हेडफोन अलीकडे एका कानाला बोलत नाही, म्हणून त्या दिवशी आवाज खोलीतच सोडला होता. घाट सुरू झाला. नवा रस्ता, डाव्या हाताला दरी, दरीत धुकं. निळा ट्रक पुढे, पिवळा मागे, मध्ये सारखंच अंतर. अर्धा तास झाला. दोन बोगदे गेले. ट्रक कुठेही अडखळला नाही.

मग अलिशा म्हणाली, “अब्बा, मी नोकरी सोडली.”

जमीलभाईंच्या बोटांनी बटण सोडलं नाही. “कधी?”

“मंगळवारी. दुसरी बघतेय. अम्मीला सांगू नका अजून.”

भाभी दारात उभ्या होत्या, हातात पोळ्यांचं ताट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि आवाज न करता तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

“वळण हाय पुढं,” जमीलभाई म्हणाले. “सावकाश घे. आणि पहिल्यापासनं सांग.”

ती सांगू लागली. पुढचं गाव अजून दीडशे किलोमीटरवर होतं.