दुसरी फुंकर

तुमच्या मुलांना शाळेत सोडणारे रिक्षावाले काका दारूच्या तपासणीत सापडले असं कळलं, तर तुम्ही आधी काय कराल? त्यांना फोन कराल, की पालकांच्या ग्रुपमधून काढून टाकाल?

आमच्या ग्रुपने दहा मिनिटांत काढलं. आणि ती तपासणी सुरू व्हावी म्हणून घसा कोरडा करणारी मीच होते.

माझी आई आयुष्यभर कामगार संघटनेत. आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं शिकले ती मथळ्यांवरून, आणि पत्रकाच्या घड्या घालायला त्याच्याही आधी. त्यामुळे गेल्या वर्षी भाचीच्या शाळेबाहेर एक व्हॅनवाला झिंगलेला सापडला, तेव्हा मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. शाळेच्या वाहनचालकांची रोज सकाळी तपासणी करा आणि सापडेल त्याचा परवाना जागेवरच रद्द करा. ‘जागेवरच’ ठळक अक्षरात.

आईने वाचलं. “म्हणजे वकील नाही, न्यायाधीश नाही. फुंकलं की निकाल.”

“मशीन खोटं बोलत नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

पालकांनी सह्या केल्या, तपासण्या सुरू झाल्या. महिन्याभरातच शनिवार पेठेतल्या एका चौकात भाचीची रिक्षा अडवली गेली. मशीनवरचा आकडा मर्यादेच्या वर. मुलांना घेऊन जा, असे फोन पालकांना गेले. मी पोचले तोवर भाची आणि एकच मुलगी उरली होती. त्या मुलीचे वडील मला म्हणाले, “अभिनंदन, मॅडम. पत्रक कामाला आलं.” दोघींना त्यांच्याबरोबर शाळेत पाठवलं आणि मी चौकीत गेले.

काका बाकाच्या अगदी टोकाला बसले होते, जणू सगळा बाक अडवणंही गुन्हा असावा. मलाही लहानपणी शाळेत त्यांनीच सोडलेलं. सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माणूस.

“मी प्यायलो नाही गं,” ते म्हणाले. “पण मशीनच म्हणतंय तर काय बोलायचं? कबूल करतो, दंड भरतो. विषय संपवू.”

विषय कसला संपणार होता? कबुली दिली की शिक्का बसला. परवाना निलंबित झाला असता, आणि तो परत मिळाला तरी आपलं मूल त्या रिक्षात कोणी बसवलं असतं? तीस वर्षं त्यांनी हे एकच काम केलं होतं.

मी आईला फोन लावला. ती टोमणा मारेल असं वाटलं होतं. तिने सरळ कपाटातून एक जुनं पिवळं पत्रक काढलं आणि वाचायला लागली. अटकेचं कारण विचारा. घरच्यांना कळवा. वकिलाशी बोला, परवडत नसेल तर कोर्टात मोफत मिळतो. वाचल्याशिवाय सही करू नका. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक केली, तर दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. नाही झाली तर सोडावं लागतं. या गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

“आणि सकाळपासून पोटात काय गेलंय ते विचार त्यांना,” ती म्हणाली.

विचारलं. “चहा, पोहे,” काका म्हणाले. “आणि औषध.”

कसब्यातल्या वैद्यांनी पोटासाठी आसव दिलं होतं. दोन झाकणं, तेवढंच पाणी घालून, खाल्ल्यावर. आज चौकाच्या अलीकडे सिग्नल लागला तेव्हा आठवण झाली. पाणी संपलं होतं, म्हणून तसंच घेतलं.

आसवात थोडं मद्य आपोआप तयार होतं; बाटलीवर तसं छापलेलंच असतं. नुकतं घेतलेलं असेल तर ते तोंडात रेंगाळतं, आणि मशीन तोंडातलंच मोजत बसतं.

“मग पोलिसांना सांगितलं का नाही?”

“बाटली दाखवली असती तर म्हणाले असते, ही बघा बाटली.”

गप्प राहण्याचा हक्क त्यांना होताच. पण ते गप्पही राहिले नव्हते. “चहाशिवाय काही नाही” असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, आणि आता तसा जबाब लिहिलेला कागद सहीसाठी समोर होता. सही झाली असती तर न प्यालेला माणूस कागदावर खोटा ठरला असता.

मी टेबलामागच्या अंमलदार बाईंकडे गेले आणि माणसाच्या प्रतिष्ठेवर बोलायला लागले. फोन कानालाच होता. “भाषण नको,” आई म्हणाली. “मागणी कर.”

मागणी केली. औषधाची नोंद घ्या, बाटली बघा, पुन्हा तपासणी करा आणि रक्ताच्या नमुन्यासाठी डॉक्टरकडे पाठवा.

बाईंनी बाटलीवरचं लेबल वाचलं, घड्याळ पाहिलं. पहिल्या तपासणीला पाऊण तास झाला होता. “चूळ भरून या, काका.”

काकांनी फुंकलं. आकडा शून्याच्या जवळपास. बाईंनी मशीनच्या दोन्ही छापील पावत्या कागदाला जोडल्या.

“आधीच मागितलं असतं तर आधीच दिलं असतं,” त्या म्हणाल्या. “पण मागतं कोण? लोक एक तर हात जोडतात, नाही तर ओळखीच्या साहेबांना फोन लावतात.”

रक्ताचा नमुना सरकारी रुग्णालयात दिला आणि काका जामिनावर सुटले. अहवाल यायला काही आठवडे लागले. तो स्वच्छ आला आणि प्रकरण तिथेच मिटलं. त्याआधीच मी दोन्ही पावत्यांचे फोटो ग्रुपवर टाकले होते. “आगीशिवाय धूर निघत नाही,” असं एकाने लिहिलं. पण त्याच आठवड्यात ते अभिनंदनवाले वडील आपल्या मुलीला घेऊन काकांच्या रिक्षापाशी उभे दिसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “काका वेळेवर येतात हो. दुसरं कोण येतं?” एक घर मात्र आजही परतलेलं नाही. काका आता आसव शेवटची फेरी झाल्यावर, घरी जाऊन घेतात.

तपासणी हवी, हे मी आजही ओरडून सांगते. तो झिंगलेला व्हॅनवाला मला आजही रस्त्यावर नको आहे. पण दुसरी फुंकर, डॉक्टर आणि वकील हे त्याचेही हक्क होते, आणि माझ्या पत्रकाने ते ‘जागेवरच’ या एका शब्दात काढून घेतले होते. नवीन पत्रकात तो शब्द नाही. त्यात हे हक्क लिहिले, आणि तपासणी दारूपुरतीच थांबत नाही म्हणून एक ओळ वाढवली: अमली पदार्थांच्या संशयावरून तुमची अंगझडती होत असेल, तर ती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घ्या, असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. आईने शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. त्याच दुपारी पत्रकांच्या घड्या घालायला बसली.

तुमच्याही ग्रुपमधून असं कोणीतरी काढलं गेलं असेल. नंबर अजून फोनमध्ये असेल. आज त्यांना फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: दुसरी तपासणी मागितली होती का, आणि वकील भेटला का? उत्तर ऐका, मग काय ते ठरवा.