रिकाम्या बाकावरचा हात

भूत, करणी, अंगात येणं – यातलं काहीही मी आजवर मानलेलं नाही. आमच्या गल्लीत एक बाई घुमायला लागली तेव्हा तिच्या डोक्यावर गार पाण्याची कळशी ओतणारी मीच. लगेच शुद्धीवर आली आणि मला शिव्या द्यायला लागली. तेव्हा पुढचं वाचून ‘म्हातारीला भास झाला’ असं ठरवू नका. त्या दुपारी खोलीत तिघं होतो आणि पाहिलं तिघांनी.

घर म्हैसूरला, हिनकलमध्ये. नवरा गेल्यापासून मी एकटी राहते. मुलगा श्रीधर बंगळूरला. मुलीची मुलगी मेघना इथेच इंजिनीअरिंग करते. हॉस्टेलवर असते, रविवारी जेवायला येते. माणसाचं आणि कॉम्प्युटरचं एकमेकांशी कसं जमतं, असा काहीतरी तिचा विषय. त्यात प्रोजेक्ट करायचा होता आणि आयडिया सुचत नव्हती.

“अज्जी, गोकुलमला योगा शिकायला येतात ना फॉरेनर, त्यांच्यासाठी ॲप करू?”

“त्यांना काय कमी आहे? पायसुद्धा मानेवर जातात त्यांचे.”

“मग म्हाताऱ्यांसाठी मोठ्या बटणांचा फोन?”

“बटण मोठं केलं म्हणून पलीकडचा फोन उचलतो का?”

“अय्यो, मग तूच सांग!”

सांगितलं. माझी नणंद रुक्मा जन्माची मुकी-बहिरी. लग्न झालं नाही, शेवटपर्यंत आमच्याकडेच होती. शाळेत शिकवतात त्या खुणा तिला येत नव्हत्या. आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातच आमच्या आमच्या खुणा केल्या. फार गोडी होती असं समजू नका... हातांनी कचाकचा भांडायचो. मेघना जन्मायच्या आधीच ती गेली. म्हटलं, हात बघून बोलेल असं मशीन कर. नाहीतर काय उपयोग तुमच्या शिक्षणाचा?

मेघनाने आनंदाने उडीच मारली. मग दर रविवारी मला खिडकीजवळच्या बाकावर बसवायची, समोर कॅमेरा आणि लॅपटॉप. मी हात हलवला की स्क्रीनवर बोटांच्या सांध्यांवर ठिपके यायचे, हात उजवा की डावा ते खाली लिहून यायचं आणि मेघनाच्याच आवाजात शब्द ऐकू यायचा – पाणी, मीठ, ये, बस, नको. ‘नको’ची खूण म्हणजे हनुवटीखालून हात बाहेर झटकायचा. रुक्माची सगळ्यात आवडती.

एका रविवारी श्रीधरही आला. जेवणं झाली. मेघनाचं काम आटपलं होतं, लॅपटॉप तसाच चालू होता. मी बाकावरून उठून श्रीधरसमोर खुर्चीत बसले, कारण भांडायचं होतं.

“साकु!” श्रीधर कानडीत म्हणाला. “बस झालं आता, आई. पडलीस बिडलीस तर कळणार कोणाला? घरात दुसरं माणूस नाही. पुढच्या महिन्यात घर भाड्याने देऊन टाकू, तू आमच्याकडे चल. एजंटला बोलावलंय मी.”

“मला विचारलंस?”

“तुला विचारलं तर तू –”

“नको,” लॅपटॉप म्हणाला.

श्रीधर हसला. “मेघू, ते खेळणं बंद कर.”

“मामा, मी हातसुद्धा लावला नाही.”

तिघांनी स्क्रीनकडे पाहिलं. बाक रिकामा. आणि माणूस बसल्यावर हनुवटी जिथे येईल, तिथे ठिपक्यांचा हात. मेघना म्हणाली, झाडाची सावली असेल, मशीन चुकतं कधीकधी. तिने उठून खिडकी लावून घेतली. स्क्रीनवरचा हात झटकला गेला.

“नको.”

मेघना स्क्रीनजवळ वाकली. “अज्जी, तू याला डाव्या हाताने कधी शिकवलंस?”

“कधीच नाही.”

“इथे ‘डावा’ असं येतंय.”

रुक्मा डावखुरी होती. डाव्या हाताने वाढते म्हणून सासूने तिला किती मारलं, पण ती बधली नाही. हे मेघनाला ठाऊक असायचं कारण नाही. श्रीधरला ठाऊक होतं. त्याचा चेहरा उतरला.

भीती? मला राग आला. आमच्या मायलेकांच्या भांडणात तुला कोणी बोलावलं, असं त्या बाकाकडे बघून मी खुणेनेच विचारलं. तोवर ठिपके गेले होते.

श्रीधर उठून उभा राहिला. “आई, आता तर एक दिवससुद्धा इथे राहायचं नाहीस तू. आजच चल.”

“का रे? आत्ता तर म्हणत होतास, घरात दुसरं माणूस नाही.”

मेघना भ्यालेली होती, तरी हसली. श्रीधर नाही हसला.

पुढे मेघनाने कितीतरी रविवार तो बाक रिकामा ठेवून, लॅपटॉप लावून पाहिलं. काही आलं नाही. तिच्या सरांनी ती नोंद चूक म्हणून काढून टाकायला सांगितली. मी म्हटलं, झालं ते झालं, तू ठेव. तिने ठेवली.

रुक्मा होती का? मला माहीत नाही. मेलेली माणसं परत येतात हे मी आजही मानत नाही. सावली म्हणाल तर खिडकी लावल्यावर ती कुठून आली? कोणाकडे खुलासा असेल तर सांगा, ऐकून घेईन. पण ‘शांती करून घ्या’, ‘घर सोडा’ असले सल्ले द्यायची तसदी घेऊ नका.

एजंट आला होता पुढच्या आठवड्यात, भाडेकरूला घेऊनच. दारातूनच परत पाठवला. श्रीधर अजून रागावलेला आहे; रागावू दे.

त्या दुपारी दोनदा ‘नको’ म्हटलं ते कोणी, हे आजवर कळलेलं नाही. तिसऱ्यांदा, दारात उभं राहून, मी म्हटलं. त्याचा खुलासा कोणी मागू नये.