गौरीच्या दिवसांतली गोळी

बोनकोड्यातल्या आमच्या घरी ज्या दिवशी गौर यायची होती, त्याच दिवशी माझी पाळी येणार होती. सासूबाईंनी मला पाळी पुढे ढकलायची गोळी आणायला डॉक्टरकडे पिटाळलं. गोळीतलं कृत्रिम हार्मोन शरीरातल्या हार्मोनची नक्कल करतं, म्हणून गर्भाशयाचं अस्तर गळत नाही. गोळी थांबली की दोन-तीन दिवसांत पाळी येते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ते दिवस मी ओहोटी विसरलेल्या खाडीसारखी काठोकाठ भरून, तरंगत काढले. गौरीपुढे आमच्याकडच्या रीतीने खेकड्यांचा नैवेद्य ठेवताना मात्र चिडून पुटपुटले, “आई, गौर पण बाईच ना? तिला कोण गोळी देतं?”

सासूबाई माझ्या कानाशी आल्या. “आमच्या येली गोली कुठं व्हती? मी तशीच पुजली. गौर काय बोलली नाय.”