कावळ्याची साक्ष

कावळ्याशी माझं काही भांडण नाही. बिचारा भुकेला होता, भात दिसला, खाल्ला. माझं भांडण माणसांशी आहे. त्यांनी त्याच्या चोचीत माझं लग्न कोंबलं. इतकी वर्षं झाली, तरी ती सकाळ आठवली की तळपायाची आग मस्तकात जाते.

माझे बाबा नागपुरात सरकारी कचेरीत कारकून होते. सायकलवर जायचे, सायकलवर यायचे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण दर रविवारी आमच्या बैठकीत खटला उभा राहायचा, देव आहे की नाही. फिर्यादी म्हणजे बाबांचे मित्र, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. कट्टर नास्तिक माणूस. पोह्यांवर तर्री ओतता ओतता ते देवाला पार नामशेष करायचे. आत आईची पूजा चाललेली असायची आणि बाहेर यांची मूठ टेबलावर आपटत असायची.

"एक काय ते बोल ना गा," ते बाबांना म्हणायचे, "आहे की नाही?"

"मले माहीत नाही," बाबा म्हणायचे.

"हे काही उत्तर झालं? घाबरतं तू!"

"घाबरलो असतो तर आहे म्हटलं असतं. गावची विहीर आठव. दोर जेवढा लांब, तेवढीच बादली खाली जाते. आपल्या अकलेचा दोर संपला. आता खाली पाणी आहे का नाही, हे वरून मी कोणत्या तोंडानं सांगू?"

प्राध्यापक कपाळावर हात मारायचे. बाबा हसायचे आणि चहा सांगायचे. आई देवळात गेली की बाबा बाहेर उभे राहून तिच्या चपला सांभाळायचे. मी जवळच बसून सगळं ऐकायची. प्राध्यापकांनीच मला शिकवलं होतं की एका गोष्टीमागून दुसरी घडली, म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही. कोंबडा आरवतो म्हणून सूर्य उगवत नाही, बेटा, असं ते बोट नाचवून सांगायचे. मला तो माणूस फार आवडायचा. म्हणून तर राग जास्त आहे.

मी बी.एस्सी. झाले आणि त्याच उन्हाळ्यात बाबांना दवाखान्यात ठेवावं लागलं. एके दुपारी आई डबा आणायला घरी गेली होती. बाबांनी माझा हात धरला. "माझं काहीही होवो, एम.एस्सी. सोडू नको. कोणाचं ऐकू नको," म्हणाले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत आणि त्याच आठवड्यात गेले.

मी एकुलती एक. सगळं करायला बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, नरखेडकडच्या गावाहून आले. संत्र्याची बाग सांभाळणारा करारी माणूस. भावावर जीव होता, नाही म्हणत नाही. पण पोरीला कॉलेजात घालणं त्यांना पहिल्यापासून खुपत होतं.

दहाव्याच्या दिवशी मी हट्टानं घाटावर गेले. बायकांनी जाऊ नये म्हणे. कोण अडवतं ते बघतेच म्हटलं. पिंड ठेवले आणि सगळी माणसं भोवती गराडा घालून उभी राहिली. कावळे झाडावर. खाली एक उतरेना. उतरतील कसे? पिंडाभोवती पन्नास पाय! पण आमच्याकडे अशा वेळी कावळ्याचा विचार कोणी करत नाही. गेलेल्याची काय इच्छा राहिली, तेच शोधायला लागतात. हात जोडायचे आणि एकेक वचन देत सुटायचं.

मोठे बाबा पुढे झाले. "तुझ्या बायकोले काही कमी पडू देणार नाही गा." कावळा नाही. "तुझी सायकल कोणाले देणार नाही." कावळा नाही. ऊन चढलं. माणसं कंटाळली, एकेक करून सावलीकडे सरकली. पिंडाजवळ कोणी उरलं नाही. तेवढ्यात मोठ्या बाबांनी सावलीतूनच आवाज चढवला, "पोरीचं लग्न वर्षाच्या आत लावून देतो!"

आणि आला मेला. टुणकन उतरला आणि भात उचलला.

काय सांगू, घाटावर एकच गलका झाला. "शिवला, शिवला!" मोठ्या बाबांच्या डोळ्यांना धारा. मी ओरडले, "अहो, माणसं हटली म्हणून आला तो! बाबांनी मला दवाखान्यात स्वतः सांगितलंय, एम.एस्सी. सोडू नको म्हणून!"

"तुले सांगितलं? आन् कोण होतं तिथं?"

"कोणी नव्हतं."

"मंग? कावळा तर साऱ्यांनी पाहिला."

घ्या! माझ्या शब्दाला साक्षीदार हवा, आणि कावळ्याची साक्ष बिनविरोध मंजूर. मी प्राध्यापकांकडे वळले. म्हटलं, आता हा माणूस बोलेल. जन्मभर टेबल बडवलंय, आज एकदा बडवावं. तर ते चप्पल काढून, डोळे मिटून, हात जोडून उभे!

"सर, कोंबडा आणि सूर्य," मी म्हटलं.

"बेटा, ही जागा वादाची नाही," ते पुटपुटले. "शेवटी त्याचीच इच्छा असेल."

रविवारी पोटभर पोहे खाऊन देव नाही म्हणणं सोपं असतं. बाबा 'माहीत नाही' म्हणायचे तेव्हा त्यांना भित्रा म्हणणारा हाच तो. एका कावळ्यानं त्याची सगळी अक्कल चोचीत उचलून नेली. मला थुंकावंसं वाटलं. वडिलांचा दहावा होता म्हणून आवरलं.

तेराव्याला जेवणं उरकली आणि मोठ्या बाबांनी स्थळ काढलं. त्यांच्याच तालुक्यातलं, बागायतदार, दाराशी मोटरसायकल. लग्न वर्षाच्या आत झालं नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून घाई. प्राध्यापक सतरंजीवर बसून मान डोलवत होते. मी नाही म्हटलं, रडले, भांडले. "बापाच्या आत्म्याले तळमळत ठेवतं का वं?" मोठे बाबा गरजले. आत्मा नाही हे मी सिद्ध करू शकत नव्हते, आणि तो आहे हे सिद्ध करायला त्यांना कोणी सांगत नव्हतं.

तेव्हा आई माजघराच्या दारात आली. डोक्यावर पदर, नजर खाली. थोरल्या दिरासमोर ती आयुष्यात मोठ्यानं बोलली नव्हती.

"भाऊजी, लग्न होऊन आली तवापासून रोज देवापुढे बसते मी. हे दवाखान्यात होते तवा रात्रंदिवस पुसलं त्याले, वाचवशील का नाही. एक शब्द नाही बोलला. मले नाही सांगत, आन् तुमच्या कावळ्याले सांगते?"



"मंग देव खोटा म्हणतं का तू?" मोठे बाबा म्हणाले.

"त्याच्या मनातलं मले माहीत नाही. तुमाले बी नाही. पोरीच्या मनातलं माहीत आहे. ती कॉलेजात जाईन."

मोठे बाबा त्याच संध्याकाळच्या एस.टी.नं गेले आणि पुढे आमच्या घरचं पाणीही प्यायले नाहीत. प्राध्यापक पुन्हा फिरकले नाहीत. मी एम.एस्सी. केलं.

पण राग गेला नाही. आईच्या तोंडी 'माहीत नाही' हे बाबांचंच वाक्य ऐकलं आणि तो माझ्याकडेही वळला. इतक्या रविवारी त्या बैठकीत देवाचा निकाल लावत बसले सगळे. रोज त्याच्यापुढे बसणारी बाई भिंतीपलीकडे होती, आणि तिला कोणी विचारलं नाही. ती फक्त पोहे देऊन जायची. तिला बाबांनीही कधी "बस" म्हटलं नाही, आणि मीही नाही.