दुष्काळात भरलेले चेहरे

आमच्या घरात पहिला पदवीधर मी झालो, तो कवायतीच्या सरांमुळे. देवणीच्या शाळेत त्यांनी मला पळायला शिकवले आणि वडिलांची समजूत काढून नांदेडच्या कॉलेजात धाडले. म्हणूनच ही घटना अजून मनातून जात नाही.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पावसाने पाठ फिरवली होती. शिपायांची भरती निघाली, तशी कोरड्या तळ्यात पहाटे पोरे पळू लागली. मी तिथे फौजदार होतो, आणि बदलीने माझ्याच हद्दीत आलेले सर त्यांचा सराव घेत. एके सकाळी त्यातला एक पोरगा ओकून बेशुद्ध पडला. दवाखान्यातून ठाण्यात वर्दी आली.

पोराची आई म्हणाली, "साहेब, समदं गाव वाळलं, अन् माझं लेकरू तोंडावर भरलं. म्या म्हणलं, व्यायाम मानवला. सरांनी दिलेली पावडर सरली, अन् हे असं झालं."

डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. "झाडपाल्यात कुणीतरी स्टेरॉइड मिसळतंय. त्यानं तोंड गोल सुजतं, शुगर वाढते. ते एकदम बंद झालं तरी जीव जाऊ शकतो. बाकीची पोरं लवकर आणा."

सरांकडे गेलो. त्यांचाही चेहरा गोल झाला होता.

"अरे, अश्वगंधा, हळद, सालईचा डिंक. दम वाढतो, सूज उतरते. माझे गुडघे बघ, एका रात्रीत मोकळे झाले! नांदेडहून आणून पोरांना फुकट देतो."

"कुणाकुणाला दिली, सर?"

"पोलीस म्हणून विचारतोस का रे?"

"हाव, सर."

त्यांनी पोरांची नावे सांगितली नाहीत, विक्रेत्याचा पत्ता तेवढा दिला.

नांदेडचा विक्रेता लंगडतच सामोरा आला. किती तरी वेळ तो मुळ्यांचे गुण सांगत राहिला. मी जबाब लिहून घेत होतो, पण लक्ष त्याच्या पायाकडे होते.

"गुडघा लई सुजलाय की तुमचा. स्वतःची पावडर घेत न्हाई का?"

"मला शुगर हाय, साहेब."

"मुळ्यांनी शुगर वाढती?"

तो पाण्याचा तांब्या शोधू लागला. पंचांसमोर मागची खोली उघडली, तर खलबत्त्याशेजारी पांढऱ्या गोळ्यांचे डबे निघाले.

तेव्हापासून अशा प्रकरणात मी आधी एक पाहत आलो: माणूस जे दुसऱ्याला देतो, ते स्वतः घेतो का? विक्रेता घेत नव्हता. सर रोज घेत होते.

पण पोरांचे काय? भरतीतून बाद होऊ या भीतीने ती खाकी दिसली की पांगत. पंचनामा आटोपायला वेळ होता, म्हणून तिथूनच शिपायाच्या हाती पत्र पाठवले:

"आदरणीय सर,
सा. न.
पावडरीत स्टेरॉइड आहे. तुम्हाला ते ठाऊक नव्हते, हे मी जाणतो. तरी तुमचा जबाब घ्यावा लागेल. उद्या पहाटे पोरांना तुम्हीच खरे सांगा. माझे ती ऐकणार नाहीत. मी जीप घेऊन तळ्याच्या काठावर असेन. दवाखान्यात जायला जीपमध्ये सगळ्यात आधी तुम्ही बसा. तुम्ही बसलात, तरच ती बसतील.
आपला विद्यार्थी"