गंगेतून निघालेली देवी

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत मी पहिल्यांदा आपटले, तेव्हा वडिलांनी मला मुखेडहून उचललं आणि नांदेडच्या क्लासला आणून टाकलं. त्या दिवसांत आमच्याकडं हेच चाललं होतं. कुणाचं पोरगं लातूरला, कुणाचं नांदेडला. ज्यांची घरं क्लासच्या जवळ होती त्यांनी समोरची खोली रिकामी करून दोन कॉट टाकल्या होत्या आणि दारावर ‘फक्त मुलींसाठी’ अशी पाटी लावली होती.

आमची खोली घाटाजवळ होती. घरमालकीण मावशी आणि पोस्टातून रिटायर झालेले काका, एवढीच दोन माणसं घरात. माझी खोलीतली जोडीदारीण औश्याकडची होती. लातूरच्या भूकंपात त्यांचं घर गेलं होतं आणि तिची शाळेची वर्षं पत्र्याच्या शेडात गेली होती. त्याबद्दल ती फारसं बोलायची नाही. बोलली तर एखादंच वाक्य बोलायची, आणि ते असं काही असायचं की हसावं का गप्प बसावं ते कळायचं नाही.

नांदेडला भूकंपाचा नुसता हादरा बसला होता. मांडणीवरची भांडी वाजली, लोक अंगणात आले आणि थोड्या वेळानं घरात गेले. पण मावशींच्या घरात काहीही बिघडलेलं असलं की ते भूकंपानं बिघडलेलं असायचं. कपाटाचं दार लागत नाही? भूकंप. मोरीत पाणी तुंबतं? भूकंप. मिक्सरसुद्धा भूकंपानंच गेला होता, आणि तो भूकंपानंतर दोन वर्षांनी घेतलेला होता. स्वयंपाकघरात चुलीसमोरच्या भिंतीवर एक मोकळा खिळा होता. तिथं म्हणे काकांच्या आईचा फोटो होता.

“भूकंपात पडला. पार चुरा झाला बघ,” मावशी म्हणायच्या आणि डोळ्याला पदर लावायच्या.

गोदावरीला तिथं कुणी गोदावरी म्हणत नाही. गंगाच म्हणतात. मावशी रोज सकाळी गंगेवर जायच्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी, वर घट्ट गाठ मारलेली. पिशवी गरकन फिरवून जेवढी लांब जाईल तेवढी लांब फेकायच्या, मग वाकून त्याच पाण्यानं तांब्या भरायच्या आणि घरी येऊन आम्हा दोघींच्या डोक्यावर शिंपडायच्या. त्या पाण्याला जो वास यायचा तो दिवसभर वेणीतून जायचा नाही. क्लासमध्ये पुढच्या बाकावरच्या मुली मागं वळून बघायच्या.

आमचे जीवशास्त्राचे सर, क्लासही त्यांचाच, एकदा तेच पाणी बाटलीतून घेऊन आले आणि आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. थेंबात नुसती वळवळ चालली होती. मी उत्साहानं मावशींना क्लासवर नेलं. त्यांनी एक डोळा गच्च मिटून बराच वेळ बघितलं.

“हलून राहिलंय की,” त्या म्हणाल्या. “म्हणजे पाणी जिवंत हाय. तुमच्या नळाचं दाखव बरं, हाय का त्यात एक तरी जीव?”

सरांनी चष्मा काढून पुसला. ते बोलणं त्यांना लागलं असावं, कारण पुढच्याच रविवारी त्यांनी अख्ख्या क्लासला नदी साफ करायला काढलं.

आम्ही शंभरेक पोरंपोरी घाटावर जमलो. नाल्याचं पाणी जिथं नदीला मिळतं तिथपासून पार पलीकडच्या पायऱ्यांपर्यंत जलपर्णी माजली होती. लांबून ते हिरवंगार कुरण वाटायचं. इतकं, की एका पोरानं त्यावर बिनधास्त पाय टाकला आणि तो कमरेपर्यंत आत गेला. सर काठावरून ओरडत होते, “मुळासकट ओढा! मुळासकट!” आणि ओढणारे आपल्याच जोरानं मागच्यांवर पडत होते. दुपारपर्यंत आम्ही सगळे एकाच रंगाचे झालो होतो. कोण कोण आहे ते आवाजावरून ओळखायचं.

जलपर्णी निघाली तसे तिच्याखालून देव निघायला लागले. फुटक्या काचांच्या तसबिरी, रंग उडालेले देव्हारे, पिशवीत गाठ मारून ठेवलेली गेल्या कितीतरी वर्षांची निर्माल्यं. काठावर ढीग लागला. हा सगळा कचरा नेण्यासाठी सरांनी ओळखीचा एक ट्रॅक्टर बोलावला होता. ट्रॅक्टरवाल्यानं जलपर्णी भरली, मग ढिगाकडं बघून कानाला हात लावले.

“सर, देव मी कचऱ्यात टाकणार न्हाई. मला लेकरंबाळं हाईत.”

“मग काय करायचं?”

“त्यात काय? गंगेत सोडा.”

आम्ही सगळे सरांकडं बघायला लागलो. सरांनी घाटावरच्या गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, भंगलेली तसबीर घरात ठेवू नये, वाहत्या पाण्यात विसर्जन करावं. सर म्हणाले, वाहत्या पाण्यातूनच काढलंय. गुरुजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “तर मग कशाला काढलं?”

शेवटी सगळे देव क्लासवर आले. आमचा क्लास म्हणजे कापडदुकानाच्या वरचं एक लांबलचक पत्र्याचं गोदाम होतं. मागच्या भिंतीशी तसबिरी उभ्या करून ठेवल्या. दोन-चार दिवसांत काहीतरी सोय करू, असं सर म्हणाले.

त्यात एक फोटो वेगळा होता. खताच्या जाड पिशवीत, सुतळीनं बांधून, वर दगड लावून कुणीतरी तो सोडला होता. काच शाबूत होती. आत एका बाईचा चेहरा. मोठी नथ, कपाळभर कुंकू, आणि डोळे असे की बघणाऱ्यानं काहीतरी चूक केलीच असणार. पाणी शिरून खालचं लुगडं पुसून गेलं होतं आणि डोक्यामागं पाण्याचा गोल डाग उमटला होता, अगदी प्रभावळीसारखा.

“ही कोणती देवी?” मी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. बिलोलीकडची एक मुलगी म्हणाली, तेलंगणातली असंल. एकजण म्हणाला, चेहऱ्यावरून तर फिजिक्सची वाटते. त्या आठवड्याच्या चाचणीआधी कुणीतरी गंमत म्हणून तिला फूल वाहिलं आणि त्याला नेमके सगळ्यात जास्त मार्क पडले. पुढच्या चाचणीला फुलांचा ढीग. त्याच्या पुढच्या चाचणीला नारळ. महिन्याभरात गावाकडून पालक यायला लागले. आधी देवीचं दर्शन, मग पोराची प्रगती. सर सुरुवातीला चिडले. मग एका पालकानं विचारलं, “देवी असलेला क्लास हाच ना?” आणि पोराचं नाव घातलं, तेव्हा सर जरा कमी चिडले.

मीही रोज हात जोडत होते. उगीच खोटं कशाला सांगू? सेंद्रिय रसायनशास्त्रासाठी तर मी तिला दोन सोमवार धरले होते.

काकांच्या कानावर हे गेलं. ते म्हणाले, आपल्या पोरी तिथं शिकतात, आपण गुरुवारी दर्शनाला जाऊन आलं पाहिजे. मावशींचे गुडघे एकाएकी दुखायला लागले. पुढच्या गुरुवारी पित्त झालं. त्याच्या पुढच्या गुरुवारी काकांनी रिक्षाच दारात आणून उभी केली.

आमचा तास चालू होता. दोघं वर आले, काका थेट मागच्या भिंतीशी गेले. मावशी चप्पल काढायच्या निमित्तानं दाराशीच घुटमळल्या. काकांनी नारळ ठेवला, हात जोडले, डोळे मिटले. डोळे उघडले आणि जरा पुढं वाकून बघितलं. मग इतक्या हळू बोलले की सगळ्या क्लासला ऐकू गेलं.

“ही तर माझी आई हाय.”

सरांच्या हातातला खडू खाली पडला.

काकांनी फोटो उचलून उलटसुलट केला. “कारभारणी, हिचा तर भूकंपात चुरा झाला होता ना? काच शाबूत हाय की.”

मावशींनी आधी छताकडं बघितलं, मग आमच्याकडं. मग पदर खोचला आणि आतवर आल्या.

“हाव. मीच सोडला. बावीस वरसं मी तुमच्या आईच्या हाताखाली काढली. म्हातारी गेली तर तुम्ही फोटो कुठं लावला? माझ्या चुलीसमोर! मीठ टाकताना बघायच्या, तेल घालताना बघायच्या. भूकंप झाला, म्हटलं हीच वेळ हाय.”

“अगं, पण गंगेत?”

“मग कुठं? चांगल्या जागी सोडलं की!”

काकांनी फोटो परत भिंतीशी टेकवला. त्यावर झेंडूचा हार होता, शेजारी सात-आठ नारळ होते. मग म्हणाले, “आईला पवायला येत नव्हतं, एवढं तरी बघायचं.”

पहिल्यांदा हसली ती माझी जोडीदारीण. बाकावर डोकं ठेवून हसत सुटली. “आमच्याकडं भूकंपात घरं गेली,” ती म्हणाली, “आणि हितं सासू गेली.” ती असं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. मग सगळेच हसले, काकासुद्धा. मावशी मात्र रडायला लागल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, “पण दगड तर नीट बांधला होता.”

सरांनी खाली पडलेला खडू उचलला. “पिशवी प्लास्टिकची होती. प्लास्टिक कुजत नाही. हे मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं,” ते आम्हाला म्हणाले, आणि तोच धडा पुन्हा घेतला.

काका फोटो घरी नेणार म्हटल्यावर मागच्या बाकांवरून विनंत्या सुरू झाल्या. परीक्षा तोंडावर आली होती. काकांनी परीक्षेपर्यंत ठेवायला परवानगी दिली. नंतर तो त्यांनी बाहेरच्या खोलीत लावला, रस्त्याकडं तोंड करून. मावशींची तेवढी एकच अट होती.

उरलेल्या देवांचा प्रश्न सोडवला तो फ्रेमवाल्या चाचांनी. घाटाच्या रस्त्यावर त्यांचं आजोबांच्या वेळचं दुकान होतं. सरांनी त्यांना क्लासवर आणलं. ते तसबिरींच्या रांगेवरून हात फिरवत गेले. “हे माझं काम. हे पण माझंच. हे वालिदसाहेबांच्या, आमच्या वडिलांच्या हातचं, कोपरा बघा कसा बसवलाय.” अर्ध्याअधिक फ्रेमा त्यांच्याच दुकानातल्या निघाल्या. त्यांनी लाकूड आणि काच सोडवून वेगळी केली आणि चित्रांचे कागद नीट गड्डी करून सरांच्या हातात दिले. “आता हा फक्त कागद. पाण्यात भिजवा, लगदा होईल, झाडाला घाला. देवाला काय, फुलात बसायला आवडंल.”

पाणी कुठलं, तर गंगेचं. पण गंगेत नाही, ड्रममध्ये. पुढं कुणी देव आणले तर त्यातच सोडावेत म्हणून सरांनी घाटावर निळा ड्रम ठेवला आणि त्यावर लक्ष ठेवायला मावशी पुढं आल्या. दगड बांधून काय काय बुडत नाही, ते त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक?

परीक्षेत माझी जोडीदारीण पास निघाली. आता ती लातुरात डॉक्टर आहे. मी नाही निघाले. बी.एस्सी. केलं आणि शाळेत विज्ञान शिकवायला लागले. जलपर्णी म्हणाल तर परीक्षेनंतरच्या दिवाळीपर्यंतच पुन्हा काठाला लागली होती. सर पुन्हा पोरं घेऊन उतरले, आणि त्या वर्षी मी काठावरून “मुळासकट!” म्हणून ओरडायला गेले होते.

तेव्हा एक म्हातारबाबा पिशवीत तसबीर घेऊन आले आणि ड्रमसमोर अडून बसले. ड्रमला कसलं पावित्र्य, म्हणाले. मावशींनी काही वाद घातला नाही. तांब्या घेऊन पायऱ्या उतरल्या, गंगेचं पाणी आणलं, ड्रममध्ये ओतलं, वर हळदकुंकू टाकलं.

“झाली गंगा. टाका.”

मावशींनी पिशवी काढून घेतली, बाबांनी तसबीर आत सोडली, डोळे मिटून हात जोडले. मग डोळे उघडून मावशींना म्हणाले, “पिशवी तेवढी माघारी द्या. चांगली हाय.”