बदल्यात कोण द्यायचा

किस्से आम्ही कधी मुद्दाम जमवले नाहीत. कोर्टाच्या कट्ट्यावर नॅपकिन, रिकाम्या बाटल्या, कोणाचा तरी एकच मोजा असं जसं साचत जातं, तसे तेही साचले. मग एखाद्या रविवारी आवरायला घेतलं की लक्षात येतं, यातला बराचसा पसारा आपलाच आहे.

समा भागात, आमच्या सोसायटीमागे सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट आहे. दर रविवारी सकाळी आम्ही सहा जण तिथे खेळतो. खेळतो म्हणजे अर्धा तास. पुढचे दोन तास समोरच्या सेव-उसळच्या लारीवर, म्हणजे हातगाडीपाशी, बसून अमेरिकेतल्या मोठ्या लीगचे खेळाडू या टीममधून त्या टीममध्ये पाठवतो. याला ट्रेड म्हणतात. आपल्या सरकारी बदलीसारखंच, फक्त एक माणूस पाठवला की बदल्यात समोरून कोणीतरी यावं लागतं. कोण जाणार आणि कोण येणार याचे अंदाज बांधणं हा आमचा नऊ वर्षांचा उद्योग. तिकडच्या एकाही मॅनेजरने अजून आम्हाला फोन केलेला नाही, पण आमचं काम त्यामुळे अडलेलं नाही.

मंडळी सांगतो. माधव माझा नागरवाड्यातला बालमित्र, गणिताच्या शिकवण्या घेतो. जयेश गुजराती, त्याचं फरसाणचं दुकान आहे. तिघे देसाई भाऊ आहेत, त्यांचं तिघांचं मिळून एक मत असतं. सहावा मी, विमा कंपनीत नोकरी, वय एकोणपन्नास, डावा गुडघा कामातून गेलेला. आणि आमच्या डोक्यावर बाळूकाका. वय चौऱ्याहत्तर, एके काळी राज्याकडून खेळलेले, गळ्यात अजून शिट्टी.

हे सगळं आत्ताच सांगायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात खुद्द आमच्या टीमवर ट्रेडची वेळ आली. जाणारा माणूस माधव किंवा मी, दोघांतला एक असणार होता. आणि मला जायचं नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकतो.

*

आमचे अंदाज किती खरे ठरतात, असं कोणी विचारलं की जयेश छाती पुढे काढतो. नऊ वर्षांत बरोबर आलेला एकमेव अंदाज त्याचा.

एका वयस्कर खेळाडूला आम्ही 'आजोबा' म्हणायचो. जयेश दर रविवारी उसळीत पाव बुडवत सांगायचा, "लिहून ठेव माधव, आजोबा जाणार. ह्या सीझनला टीममध्ये नाय राहत."

माधवने वहीत लिहिलं. त्याच्याकडे अंदाजांची एक वही आहे.

दोन महिन्यांनी आजोबा खरंच गेले. रिटायर झाले.

माधव म्हणाला, "ही ट्रेड नाही. हे मोजता येणार नाही."

जयेशने चमचा खाली ठेवला. "मी काय बोललो होतो? जाणार. गयो ने? गयो एटले गयो!"

तिघे देसाई म्हणाले, "बरोबर आहे." वहीत त्याच्यापुढे आमची पहिली आणि शेवटची बरोबरची खूण पडली.

*

प्रत्येक तज्ज्ञाला आतली बातमी देणारा माणूस लागतो. आमचा माणूस म्हणजे जयेशच्या साडूचा मुलगा. तिकडे दातांचा डॉक्टर आहे आणि त्याचा दवाखाना एका नामांकित खेळाडूच्या बंगल्याच्या रस्त्यावर आहे. दवाखाना त्याच रस्त्यावर, एवढीच काय ती त्याची पात्रता. आम्हाला ती भरपूर वाटायची.

एका शनिवारी त्याचा जयेशला मेसेज आला, "मावसा, घरासमोर सामानाचा मोठा ट्रक उभा आहे."

झालं! ट्रक म्हणजे सामान चाललं, सामान म्हणजे माणूस चालला. रविवारी आम्ही त्या खेळाडूची तीन टीममध्ये वाटणी करून टाकली. मी तर त्याच्या बायकोला नवीन शहरातली थंडी सोसेल का यावरही बोललो. जयेशने लारीवर उभ्या असलेल्या सगळ्यांना आपल्यातर्फे प्लेट दिली. त्यातल्या कोणालाही त्या खेळाडूचं नाव माहीत नव्हतं, तरी सगळ्यांनी आमचं अभिनंदन केलं.

सोमवारी जयेशने भाच्याला विचारलं, "ट्रक गेला?"

"गेला. पियानो उतरवून गेला."

तो खेळाडू आजही त्याच घरात राहतो. पियानो शिकतोय म्हणतात.

*

आता माधवचा किस्सा. हा तो स्वतः सांगत नाही.

ट्रेडमध्ये 'पिक' नावाचा एक प्रकार असतो. माणूस देता येत नसेल तर पुढच्या एखाद्या वर्षी नवा पोरगा निवडायचा हक्क देतात. तो पोरगा तेव्हा शाळेत डबा खात असतो, पण त्याच्या नावावर आज व्यवहार होतो. माधवला या प्रकाराचं फार कौतुक.

त्याच्या सोसायटीत पार्किंगवरून तिघांची भांडणं होती. पहिल्या मजल्यावरच्या शाहबेनना सावलीतली जागा हवी, वरच्या पंड्यांना गेटजवळची, तिसऱ्या एकाला मोठी. माधव मीटिंगमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "एकास एक बदली करायला गेलात तर हे कधीच सुटणार नाही. चार पार्ट्यांची ट्रेड करावी लागेल." चौथी पार्टी तो स्वतः.

फळ्यावर बाण काढून त्याने अर्ध्या तासात सगळं सोडवलं. शाहबेनना सावली मिळाली, पंड्यांना गेट मिळालं, तिसऱ्याची मोठी गाडी मावली. टाळ्या पडल्या. मग शाहबेननीच विचारलं, "माधवभाई, तुम्हाला काय मिळालं?"

माधव म्हणाला, "पिक. मागच्या बाजूला नवीन पार्किंग होईल तेव्हा पहिली पसंती माझी."

याला पाच वर्षं झाली. माधवची गाडी रस्त्यावर कडुनिंबाखाली असते आणि रोज सकाळी तो ती कावळ्यांच्या प्रसादासकट पुसतो.

*

माझ्या घरी या विषयात कोणालाही रस नाही, असा माझा समज होता.

एकदा सकाळी पोहे खाताना मी फोनवर माधवला एक जंगी ट्रेड समजावत होतो. दोन टीम, पाच माणसं, नियमाप्रमाणे दोन्हीकडचे पगार काट्यावर जुळवलेले. आठवडाभर खपलो होतो. बायको समोर भाजी निवडत बसली होती. मी फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "हा जो मोठा माणूस तुम्ही पाठवताय, त्याला मुलं किती?"

मी म्हटलं, "त्याचा इथे काय संबंध?"

"शाळेत आहेत का?"

मी शोधून बघितलं. दोन मुली. मोठी शाळेच्या शेवटच्या वर्षाला.

"मग तो नाही जायचा," ती म्हणाली आणि गवारीची शीर काढत राहिली.

पुढे पंधरा दिवसांनी बातमी आली. ती ट्रेड खरंच ठरत आली होती, अगदी मी मांडली होती तशी, आणि त्या खेळाडूने घरच्या कारणासाठी नकार दिला होता. नऊ वर्षांत मी सत्याच्या इतक्या जवळ कधी गेलो नव्हतो, आणि तिथेही ती माझ्याआधी पोचलेली होती.

तेव्हापासून लारीवर काहीही ठरलं की जयेश मला सांगतो, "ते सगळं बराबर. पण भाभीला विचारून ये."

*

बाळूकाका आमच्या चर्चेत पडत नाहीत. चहा पितात आणि ऐकतात. एका रविवारी आम्ही एका सात फुटी खेळाडूला धारेवर धरलं होतं. त्याला फ्री थ्रो जमत नाहीत, म्हणजे समोर कोणी आडवं आलेलं नसतानाही बास्केट होत नाही. मी म्हणालो, "असल्या माणसाला टीममध्ये ठेवणं हाच गुन्हा आहे."

काकांनी कप खाली ठेवला आणि शिट्टी वाजवली. "उठा. प्रत्येकी दहा."

सहा जणांचे मिळून साठ झाले. नऊ गेले. माझे त्यात शून्य होते, पण एक रिंगला लागून आला होता, त्याची नोंद व्हावी असं मी सुचवून बघितलं.

काका परत बाकावर बसले. "हं. त्या सात फुटीचं काय ठरत होतं तुमचं?"

*

आता ती शेवटची गोष्ट.

दर वर्षी पंचेचाळीसच्या वरच्यांची एक स्पर्धा होते. आम्ही दर वर्षी पहिल्याच फेरीत हरतो, बहुधा तरसाली भागातल्या टीमकडून. त्यांच्याकडे सहा फूट तीन इंचांचा शिंदे आहे आणि आमच्यातला सगळ्यात उंच जयेश, पाच फूट दहा, तोही बूट धरून. यंदा आयोजकांनी नवा नियम काढला. दोन टीमनी आपसांत एक माणूस बदलला तर चालेल.

नियम वाचून मला जो आनंद झाला तो लग्नातही झाला नव्हता. नऊ वर्षांनी कोणीतरी आम्हाला खरी ट्रेड करायला देत होतं! मीच तरसालीचा कॅप्टन संग्राम मोहिते याला फोन लावला. मीच म्हणालो, "शिंदे आम्हाला द्या, आमच्यातला कोणीही घ्या." माझ्या डोक्यात तिघांपैकी एक देसाई होता. दोन उरले असते तरी मत एकच राहिलं असतं.

संग्राम म्हणाला, "नितीनभाऊ, चालेल. आमचा बॉल नेणारा माणूस मुलाकडे कॅनडाला गेला. तेवढा एक बॉल पुढे नेणारा द्या."

आमच्यात बॉल पुढे नेणारे दोनच. माधव आणि मी.

तो आठवडा वाईट गेला. मी वहीवाल्या माधवलाही न सांगता गुपचूप कागदावर दोघांची तुलना मांडली. वय सारखं. वेग माधवचा जास्त. गुडघे त्याचे दोन, माझा एक. अशा दोन माणसांतला कुठला द्यायचा, हे मी अमेरिकेत असतो तर पोहे संपायच्या आत सांगितलं असतं. इथे मात्र मला वेगळीच कारणं सुचायला लागली. माधवच्या शिकवण्या मकरपुऱ्यात आहेत, तरसाली त्याला जवळ पडेल. त्याला बदल आवडतो. शनिवारपर्यंत माझी खात्री पटली होती की माधव गेला तर ते त्याच्याच भल्याचं होईल. खरं कारण एवढंच होतं की रविवारी सकाळी दुसरीकडे कुठे जायचं, हे मला माहीतच नव्हतं.

रविवारी बाळूकाका म्हणाले, "तोंडातोंडी नको. जाणाऱ्याचं नाव लिहून चिठ्ठ्या टाका." माधवने वहीचं पान फाडून सहा तुकडे केले. पेन एकच होतं, ते फिरलं. माधवच्या हातात ते फार वेळ राहिलं. जयेशने पाठ फिरवून लिहिलं. माझी पाळी आली तेव्हा मी तीन अक्षरं लिहिली, कागदाची बारीक घडी केली आणि काकांच्या टोपीत टाकली. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. लारीवाल्याने विचारलं, "पाव मुकू?" आणि वाट न बघता प्रत्येकाच्या प्लेटमध्ये एकेक पाव ठेवला.

काकांनी पहिली चिठ्ठी उघडली. कोरी होती. दुसरी उघडली, तीही कोरी. तिघा देसायांच्या चिठ्ठ्या कुठल्या ते ओळखू आलं, कारण तिन्हीच्या घड्या सारख्या होत्या. त्या तिन्ही कोऱ्या.

सहावीवर माझं नाव होतं, माझ्याच अक्षरात.

"काका, ए न चाले," जयेश म्हणाला. "ह्याला कोणी मत दिलंच नाय ना!"

माधव म्हणाला, "नित्या, मूर्ख आहेस का?"

"एक विरुद्ध शून्य," बाळूकाका म्हणाले. "ज्याने शॉट मारलाच नाही त्याचा पॉइंट धरत नाहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या रविवारी सात वाजता तरसाली. लवकर जा, त्यांच्याकडे बॉल एकच आहे."

पाच कोऱ्या चिठ्ठ्या त्यांनी लारीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. माझी घडी करून खिशात ठेवली.